उपासनाची मान्यता

दर गुरुवारी रुहीच्या दप्तरातून काय काय निघतं, ते आता मला पाठ झालंय. अर्धं खाल्लेलं सफरचंद, टोपण हरवलेली पेनं आणि एक निळं फोल्डर. त्या फोल्डरमधून शाळा आठवड्याचे सगळे कागद घरी पाठवते. नातीला बसस्टॉपवरून घरी आणायचं, दप्तर रिकामं करायचं आणि कागद वाचून त्यांची विल्हेवाट लावायची, हे आमच्या घरातलं माझं खातं. मी चौतीस वर्षं पुलगावच्या एका शाळेत काढली, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापक म्हणून. कागद दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी फोल्डरमध्ये एक बंद पाकीट होतं. इथली अमेरिकन शाळा सहसा काही बंद करून पाठवत नाही. उवा झाल्या तरी उघड्या कागदावर कळवतात. मी पाकीट फोडलं. आत स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या शिक्षण मंडळाच्या, शिक्क्याचं चार ओळींचं पत्र होतं. आपल्या पाल्याला गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे राज्याचं शिक्षक-प्रमाणपत्र नाही, हे पालकांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे, अशा अर्थाचं. खाली मोकळ्या जागेत शिक्षिकेचं नाव टाईप केलं होतं. उपासना रामटेके.

उपासना माझी सून. रुहीची आई. आणि गाव लहान, चौथीचा वर्ग एकच, म्हणून रुहीची शिक्षिकासुद्धा. थोडक्यात, तुमच्या मुलीला शिकवणारी बाई, म्हणजे तुम्हीच, त्या लायकीच्या नाही, असं शाळेनं माझ्या सुनेला लेखी कळवलं होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं. वाटलं, रामटेके नावाची दुसरी कुणी असेल. या गावात रामटेके आम्ही चारच माणसं आहोत.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार असा होता की ते लोक इथेही येऊन पोचले. ते म्हणजे कोण, हे मला नीट सांगता आलं नसतं. पण पुलगावला माझी फाईल सहा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरवणारी माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांचे चेहरे मला एकदम आठवले. रुहीनं विचारलं, ‘आजोबा, इज इट अबाउट लाइस अगेन?’ मी म्हटलं, हो, उवांचंच आहे, जा, दूध पी.

उपासना पावणेपाचला आली. तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता, हाताला मार्करची शाई. मी काही न बोलता पत्र पुढे केलं. तिनं उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्ची न ओढताच तिच्या कडेवर टेकली.

‘ही पाकिटं मीच वाटली, बाबा,’ ती म्हणाली. ‘सकाळी ऑफिसमधून गठ्ठा आला. म्हणाले, गुरुवारच्या फोल्डरमध्ये टाका. सव्वीस पाकिटं. मी एकेकाच्या डेस्कवर जाऊन दिली. हरवू नका, घरी नेऊन द्या, असं बजावलं.’

शाळेचे मुख्याध्यापक हे तिला आधी बोलावून सांगणार होते, पण ते दोन दिवस बाहेरगावी होते आणि ऑफिसनं पाकिटं परस्पर पाठवली, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसत होतं की एका बाईकडून तिच्याच हातानं तिची बदनामी सव्वीस घरी पोचती केली होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, उद्या सकाळी मी जातो, आपल्याकडे कागद आहे. ती काहीतरी बोलणार होती, पण ‘बरं बाबा’ एवढंच म्हणाली.

आपल्याकडे कागद होता, हे खरंच. तो समोरच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खालच्या बाजूला, काचेच्या फ्रेममध्ये लावलेला होता. मीच लावलेला.

त्या कागदाची हकीकत सांगायला पाहिजे. पाच वर्षांपूर्वी या गावाला शिक्षक मिळत नव्हते. ह्यूस्टनपासून दीड तासावरचं हे टेक्ससमधलं गाव, एक रिफायनरी, एक पाण्याची टाकी आणि आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या तीन शाळा. राज्यानं अशा डिस्ट्रिक्टांना एक सवलत दिली होती. तुम्ही पाच वर्षांचा आराखडा करा, आमचे कोणते नियम तुम्हाला झेपत नाहीत ते त्यात लिहा, त्या नियमांतून तुम्हाला मोकळं करतो. आमच्या डिस्ट्रिक्टनं लिहिलं की शिक्षकाकडे राज्याचं प्रमाणपत्र नसलं तरी आम्ही आमच्या जबाबदारीवर नेमू. त्या सवलतीत उपासनाची नेमणूक झाली.

तोवर ती घरात बसून होती आणि ते बसणं मला बघवत नव्हतं. नागपूरची मुलगी, गणितात एम.एस्सी., वर बी.एड., बुटीबोरीच्या शाळेत चार वर्षं शिकवलेली. इथे आल्यावर तिनं राज्याच्या प्रमाणपत्राचा ऑनलाइन कोर्स धरला होता. त्यातली एक परीक्षा झाली होती, दुसरीची तारीख ठरली होती. रुही तेव्हा चार वर्षांची, रवी, माझा मुलगा, रिफायनरीत पाळ्या करायचा, आणि ही पोरगी भांडी घासताना कानात लेक्चर लावून ठेवायची. अशात डिस्ट्रिक्टचं पत्र आलं. आपली नेमणूक अधिकृतपणे मान्य करण्यात येत आहे. सही, शिक्का, तारीख.

ज्यानं महाराष्ट्रात अनुदानित शाळेत नोकरी केली आहे, त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. नेमणूक संस्था करते, पण शिक्षणाधिकाऱ्याकडून तुमच्या नावाची मान्यता येईपर्यंत तुम्ही कुणीच नसता. माझा प्रस्ताव सहा वर्षांत पाच वेळा परत आला. कधी बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या तक्त्यात, त्रुटी, कधी प्रत अस्पष्ट. सहाव्या वर्षी मान्यता आली तेव्हा माझ्या बायकोनं आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. कारण ती एकदा आली की आली. मग निवृत्त होईपर्यंत तुम्हाला कुणी हलवू शकत नाही.

तर ते पत्र बघून मी म्हणालो, मान्यता आली. उपासनानं सांगून पाहिलं की एचआरवाली म्हणत होती हे फक्त इथल्यापुरतं आहे, सर्टिफिकेशन पुढे करून टाका. मी हसलो. म्हटलं, अगं, कचेरीतली माणसं असंच बोलतात, त्यांना कागद कमी असला की बरं वाटतं. खुद्द डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची, सुपरिंटेंडेंटची सही आहे, आणखी काय पाहिजे? एवढ्याशा पोरीला टाकून शनिवारी ह्यूस्टनला परीक्षेला कशाला जातेस? तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग परीक्षा कॅन्सल केली. कोर्सही सोडला. मी पत्राला काचेची फ्रेम करून आणली आणि त्या संध्याकाळी पुलगावला फोन लावून तीन माणसांना सांगितलं की सुनेला अमेरिकेत मान्यता मिळाली.

शुक्रवारी सकाळी मी कोट घातला, फ्रेम भिंतीवरून काढली आणि टॉवेलात गुंडाळली. डिस्ट्रिक्टचं ऑफिस शाळेला लागूनच आहे. उपासनानं मला दारात सोडलं आणि ती वर्गावर गेली. तिला त्या सव्वीस मुलांसमोर उभं राहायचं होतं. गाडीतून उतरताना मी म्हटलं, ताठ मानेनं जा. ती म्हणाली, ‘तुम्ही फार रागावून बोलू नका हं.’

मी रागावूनच बोलायला गेलो होतो. वाक्यं तयार होती. आत एचआरच्या मिसेस हॉलिस नावाच्या बाई बसलेल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, टेबलावर नातवंडांचे फोटो. मी माझं नाव सांगितलं, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे हे सांगितलं, आणि फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, तुमच्याच कचेरीनं मान्य केलेल्या शिक्षिकेला तुमचीच कचेरी अमान्य कसं म्हणते, याचा लेखी खुलासा मला हवाय.

बाईंनी फ्रेम जवळ ओढली. काचेतून पत्र वाचलं. मग माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मला एकदम अस्वस्थ वाटलं. कचेरीतल्या माणसाची ती नजर नव्हती. दवाखान्यात नातेवाइकाला बाजूला घेऊन बोलणाऱ्या नर्सची असते, तशी होती.

‘सर, तुम्ही हे फ्रेम करून ठेवलंत?’ त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, अर्थात.

त्या म्हणाल्या की हे पत्र त्यांनी दिलं होतं, राज्यानं नाही. राज्याला या कागदाची माहितीसुद्धा नव्हती. त्या सवलतीच्या काळात, या तीन शाळांपुरतं, आम्ही तुम्हाला चालवून घेतो, एवढाच त्याचा अर्थ. आता राज्यानं सवलत आखडती घेतली होती. पालकांना कळवणं सक्तीचं झालं होतं, आणि पुढच्या ऑगस्टपासून प्राथमिक वर्गांना गणित आणि वाचन शिकवायला प्रमाणपत्र लागणार होतं. हे सगळं त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. एरवी मला ते लागलं असतं.

मी तरी हट्टानं म्हटलं, मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? पाच वर्षं झोपला होतात का?

मिसेस हॉलिस उठल्या. कपाटातून एक फाईल काढली. कसलाही आव न आणता त्यांनी एकेक करून पाच कागद माझ्यासमोर मांडले. दर सप्टेंबरचा एक. मला ते दुरूनच ओळखू आले, कारण त्यांच्यावरचं अक्षर माझं होतं.

घरातले सगळे फॉर्म मी भरतो. विम्याचे, शाळेचे, रुहीच्या पोहण्याच्या क्लासचे, सगळे. मी मोठ्या अक्षरात भरतो आणि ज्याचे असतात तो सही करतो. हा फॉर्मही मी दर वर्षी भरला होता. त्यात दोन प्रश्न असायचे. तुम्ही सध्या राज्याच्या प्रमाणपत्रासाठी प्रयत्न करत आहात का? त्यासाठी डिस्ट्रिक्टची मदत हवी आहे का? दोन्हींपुढे मी दर वर्षी ‘नाही’वर खूण केली होती. आणि खाली शेऱ्याच्या जागी, पाचही फॉर्मांवर, ठळक इंग्रजीत लिहिलं होतं की आपल्या कचेरीकडून आधीच मान्यता मिळालेली आहे.

मी हे का केलं? कारण आमच्या शाळेत वासनिक सर होते. त्यांची मान्यता आलेली होती, पक्की. त्यात विषयाची एक किरकोळ दुरुस्ती हवी म्हणून त्यांनी साधा अर्ज केला. अर्ज आला म्हणून कचेरीनं फाईल उघडली, फाईल उघडली म्हणून जुनी बिंदुनामावली निघाली, आणि आठ वर्षं नोकरी केलेल्या माणसाची मान्यता रद्द झाली. तेव्हापासून मी आमच्या सगळ्या तरुण शिक्षकांना बजावत आलो की मिळालेल्या गोष्टीसाठी पुन्हा अर्ज करायचा नाही. प्रयत्न करतोय म्हणालात तर त्याचा अर्थ अजून मिळालेलं नाही असा होतो. तुम्हीच तुमच्या विरुद्ध लिहून दिल्यासारखं होतं. पुलगावात हे शहाणपण होतं. त्या शहाणपणावर मी दोघातिघांच्या नोकऱ्या वाचवल्या आहेत.

मिसेस हॉलिस म्हणाल्या की त्या शेऱ्याचा अर्थ त्यांना कधीच कळला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी उपासनाला बोलावून विचारलंही होतं. ती म्हणाली होती, कागदपत्रांचं माझे सासरे बघतात, ते प्रिन्सिपल होते.

मी म्हटलं, ठीक आहे, चूक झाली, आज फॉर्म द्या, आज भरतो, मदत हवी आहे, हो म्हणून लिहितो.

पाचातला शेवटचा कागद त्यांनी बोटानं माझ्याकडे सरकवला. या सप्टेंबरचा. त्यात वर एक जास्तीची ओळ होती, जाड टाईपात. जे शिक्षक तीस सप्टेंबरपर्यंत कोर्समध्ये नाव घालतील त्यांच्या जागा दोन वर्षं राखल्या जातील. डिस्ट्रिक्ट फी भरणार होतं. एकूण अकरा जणांना हा फॉर्म गेला होता. दहा जणांनी हो म्हटलं. त्या दहांची यादी डिस्ट्रिक्टच्या बोर्डानं ऑक्टोबरात मंजूर केली. अकराव्या जागेची जाहिरात सोमवारी लागली.

मी ती जाड ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. ती मी सप्टेंबरात वाचली नव्हती. कागद दिसला की चष्मा घालणारा माणूस मी, पण दर वर्षीचाच फॉर्म म्हणून नुसत्या खुणा करून मोकळा झालो होतो. सात आठवड्यांपूर्वी, आमच्या जेवणाच्या टेबलावर, मी माझ्या हातानं सुनेची जागा घालवली होती आणि वर पेन खिशाला लावून चहा मागितला होता.

‘तिला मदतनीस म्हणून ठेवता येईल,’ मिसेस हॉलिस म्हणाल्या. ‘वर्गात असेल ती. पण शिकवणार दुसरं कुणीतरी. कोर्स पुन्हा करून पुढे कधी जागा निघाली तर अर्ज करता येईल. मला खरंच वाईट वाटतंय, सर. आमच्याकडे तिच्यासारखी गणिताची टीचर नाही.’

लेखी खुलासा मागायला गेलेला मी फ्रेम काखेत मारून बाहेर पडलो. टॉवेल तिथेच राहिला. घर दोन मैलांवर आहे आणि या राज्यात रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस असं सगळे धरून चालतात. दोन ट्रक थांबले, काय झालं, सोडू का, म्हणाले. मी नको म्हणून हात हलवला. मला कुणाच्या शेजारी बसवलं नसतं. शत्रू शोधायला निघालो होतो. पुलगावच्या त्या सगळ्या टेबलांवरच्या माणसांना मनातल्या मनात शिव्या घालत निघालो होतो. आणि फाईलमध्ये माझंच अक्षर निघालं. त्यांनी माझी मान्यता सहा वर्षं अडवली. मी पाच फॉर्मांत सुनेची कायमची घालवली.

घरी येऊन फ्रेम कपाटाच्या मागे उभी केली. भिंतीवर रंगाचा एक फिकट चौकोन राहिला, त्याच्याकडे पाठ करून बसलो. रवीला फोन करावा असं दोनदा वाटलं. तो पाळीवर होता, सातला सुटणार होता. फोन करून तरी काय सांगणार?

त्या दिवशी उपासनाच रुहीला घेऊन आली. मुख्याध्यापकांनी जेवणाच्या सुट्टीत तिला बोलावून सगळं सांगितलं होतं. मेच्या अखेरपर्यंत तुमचा वर्ग तुमचा, पुढचं सांगता येत नाही. वर्गात मुलं कशी वागली, असं मी विचारलं. ती म्हणाली, बहुतेकांना काही माहीत नव्हतं. एकानं मात्र विचारलं, मिसेस आर, तुम्ही खऱ्या टीचर नाही का? मग ती फळ्याकडे वळली आणि अपूर्णांकांची बेरीज घेतली. हे तिनं अगदी सरळ सांगितलं, भाजी काय आणली ते सांगावं तसं.

मी रुहीला वर खेळायला पाठवलं. टेबलाशी बसून मी उपासनाला ऑफिसमधलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पाच फॉर्म, दोन खुणा, माझा शेरा, वासनिक सर, सप्टेंबरची ती जाड ओळ. मी म्हटलं, मी न वाचता भरला आणि तू माझ्यावर विश्वास टाकून न वाचता सही केलीस. तुझा यात काही दोष नाही. मीच तुला बुडवलं.

तिनं मला बोलू दिलं. मग टेबलावरचे माझे हात बघत म्हणाली, ‘न वाचता नाही केली, बाबा.’

मला कळेना ती काय म्हणतेय.

‘मी दर वर्षी वाचूनच सही केली. ते पत्र काय आहे आणि काय नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एचआरनं सांगितलं होतं ना. या वेळची जाड ओळसुद्धा मी वाचली होती.’

‘मग?’ मी विचारलं.

तिनं सांगितलं. पहिल्या वर्षी ती फॉर्म परत घेऊन माझ्याकडे आली होती. मी पुलगावशी फोनवर बोलत होतो, सुनेच्या मान्यतेचं सगळं मी बघितलं, असं कुणाला तरी सांगत होतो. ती दारातून परत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आली, तेव्हा मी फ्रेमची काच पुसत होतो. तेव्हा रवीला म्हणाली, तू सांग. तो म्हणाला, जाऊ दे यार, नेक्स्ट इयर बघू, आई गेल्यापासून बाबांकडे दुसरं आहे काय. मग दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं. शिक्षक तर कुणालाच मिळत नव्हते, कोण काढणार होतं तिला? या सप्टेंबरात मात्र ती दोन दिवस फॉर्म पर्समध्ये घेऊन हिंडली. नवा फॉर्म मागून घ्यावा, आपण हो लिहावं, असं तिनं ठरवलंही होतं.

‘मग वाटलं, खाली तुमचा शेरा आहे,’ ती म्हणाली. ‘मी हो लिहिलं तर ऑफिसमध्ये तुमचं चुकलं असं होईल. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, दिलास का गं फॉर्म? मी तोच देऊन टाकला.’

दुपारभर मला वाटत होतं की यापेक्षा मोठा धक्का आता बसायचा नाही. रविवारी ह्यूस्टनच्या विहारात तरुण मुलं जमतात, त्यांना मी मोठ्या आवाजात सांगतो की मोठा माणूस म्हणतो म्हणून काही मानू नका, उलट विचारा, तपासून घ्या. मुलं टाळ्या वाजवतात. आणि माझ्या घरात पाच वर्षं एक शिकलेली बाई माझ्या दारापर्यंत येऊन परत जात होती. तिला माझी भीती वाटत नव्हती. तिला माझी कीव येत होती. भीतीचं मी काहीतरी करू शकलो असतो.

मी म्हटलं, ‘तू मला ओरडून का नाही सांगितलंस?’

ती म्हणाली, ‘तुम्हाला कोण ओरडणार, बाबा?’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मटेओची आई होती. मटेओ म्हणजे वर्गातला तो मुलगा, ज्याला मागच्या वर्षीपर्यंत पाढे येत नव्हते आणि जो आता भागाकार करून दाखवायला शाळेबाहेर थांबतो. उपासनानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, हातानं रुहीचा डबा उघडत होती म्हणून. ती बाई फार संतापलेली होती, पण उपासनावर नाही. तिला वाटत होतं की डिस्ट्रिक्टची काहीतरी मोठी चूक झाली आहे आणि ती सोमवारी चार आया घेऊन बोर्डाकडे जाणार होती. चूक कुणाची आहे तेवढं मला सांगा, ती म्हणाली, नाव सांगा.

मी सरळ बसलो. नाव सांगायला तिथे मी होतो. फोन माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. माझं इंग्रजी काही वाईट नाही. चूक माझी आहे, मी तिचा सासरा, फॉर्म मी भरले, एवढी तीन वाक्यं.

‘नो, मारिसोल,’ उपासना म्हणाली. ‘द लेटर इज ट्रू. नोबडी मेड अ मिस्टेक. दे आस्क्ड मी अँड आय सेड नो. दॅट्स माय सिग्नेचर.’

मग त्या बाईनं अगदी वेगळ्या, थंड आवाजात विचारलं, पण तुम्ही नाही का म्हणालात? तुम्हाला आमची मुलं शिकवायची नव्हती का?

उपासनानं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. ती म्हणाली, सॉरी, माझंच चुकलं. माझी तीन वाक्यं माझ्याकडेच राहिली. फोन बंद झाला, तिनं डबा धुतला आणि मला चहा हवा का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.